स्मिथसोनिया : सह्याद्रीच्या एका आमरीचे नामपुराण

एखाद्या वस्तूस नाव देण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न वरवर पाहता व्याकरणाचा, किंवा फार झाले तर शिष्टाचाराचा वाटतो. परंतु किंचित खोल शिरले म्हणजे तो मुळात इतिहासाचा प्रश्न आहे असे दिसून येते. बारशाच्या दिवशी मुलाच्या कानात नाव सांगण्याचा मान आत्याचा, हे आपल्या घरोघरी ठरलेले आहे. डोंगरातील झाडाझुडपांचे बारसे कोणी करावे हे मात्र कोठेच ठरलेले नसते. जो प्रथम पाहील त्याने नाव ठेवावे असे म्हणावे, तर पाहणारे पुष्कळ असतात. त्यांपैकी जो प्रथम लिहितो आणि छापतो त्याचेच नाव टिकते. म्हणूनच वनस्पतींच्या शास्त्रीय नावांत कोणी पाहिले याच्याबरोबर कोणी लिहिले याचाही इतिहास दडलेला असतो, आणि कधी कधी कोणी लिहिले नाही याचाही. सह्याद्रीतील एका लहानशा वनस्पति-प्रजातीच्या नावाची हकीकत सांगून हा विचार वाचकांपुढे मांडावा, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विषय डोंगरातला असला तरी त्याची सुरुवात आम्ही आमच्या सपाट, काळ्या मातीच्या मुलखापासून करतो. लातूर जिल्ह्यातील, कर्नाटकाच्या सीमेजवळचे आमचे देवणी हे गाव उदगीरच्या किल्ल्याइतके इतिहासात गाजलेले नाही. १७६० साली पेशव्यांनी निजामावर मिळविलेल्या जयामुळे उदगीरचे नाव बखरींतून व पाठ्यपुस्तकांतून पसरले, तसे देवणीचे काही झाले नाही. परंतु देवणीच्या नावाचा प्रसार करण्याचे काम दुसऱ्याच एका वर्गाने केले आहे. देवणी गाय आणि देवणी बैल मराठवाड्यात, कर्नाटकात व तेलंगणात शेतकऱ्याच्या दावणीला उभे आहेत, आणि ते जेथे जातील तेथे आमच्या गावाचे नाव त्यांच्यामागून जाते. गीर, डांगी व येथील गावरान गुरे यांच्या मिश्रणातून हा वंश सिद्ध झाला असे पशुतज्ज्ञ मानतात. शेतकऱ्याने एवढ्यावरच न थांबता एकाच देवणी जनावरात वानेरा, बालंक्या आणि शेवरा असे तीन भेद केले. तोंडाच्या बाजू काळ्या व अंग पांढरे तो वानेरा, पांढऱ्या अंगाचा तो बालंक्या, पांढऱ्यावर काळे वेडेवाकडे पट्टे असलेला तो शेवरा. जातीच्या पोटातील भेद रंगावरून व ठिपक्यांवरून वेगळे काढून त्यांस नावे देणे, हे वर्गीकरणशास्त्राचेच काम होय. ते येथे अक्षरशत्रू म्हणविल्या जाणाऱ्या लोकांनी बिनचूक केले आहे. तात्पर्य, भेद पाहण्याची दृष्टी आणि नाव ठेवण्याची शक्ती आमच्या लोकांत नव्हती असे कोणासही म्हणता येणार नाही. हे एवढे ध्यानात ठेवून आता सह्याद्रीकडे वळू.

वनस्पतिशास्त्रज्ञ ज्या कुलास ऑर्किडेसी म्हणतात, त्यातील वनस्पतींस अलीकडे मराठीत आमरी असे म्हणण्याचा प्रघात पडला आहे. फुलझाडांच्या मोठ्या कुलांपैकी हे एक. त्यात २५,००० हून अधिक जाती मोजल्या गेल्या आहेत. त्यांपैकी कित्येक जमिनीत वाढतात, आणि कित्येक झाडाच्या फांदीवर बसून आपल्या जाड मुळ्या हवेत सोडतात. या दुसऱ्या प्रकारात मोडणारी स्मिथसोनिया नावाची एक प्रजाती आहे. तिच्यात जाती अवघ्या तीन : एक हिरवट फुलांची, एक ठिपक्यांची आणि एक पेंढ्याच्या रंगाची. आखूड खोड, थोडी पाने, मुळ्यांची गुंतवळ आणि नखाएवढी फुले. फुलाच्या ओठासारख्या पाकळीस मागे लहानसा पोकळ फुगवटा. बाजारात मिळणाऱ्या भडक जांभळ्या ऑर्किडांची ज्यांस सवय आहे, त्यांचे लक्ष हिच्याकडे जाणारही नाही. परंतु हिचे महत्त्व रूपात नसून वास्तव्यात आहे. पश्चिम घाट आणि त्याच्या लगतचा प्रदेश सोडला, तर जगात अन्यत्र कोठेही ही प्रजाती रानात उगवत नाही. एखादी जाती एकाच मुलखापुरती असणे नवलाचे नव्हे; परंतु अख्खी प्रजातीच एका डोंगररांगेची कैदी असावी, हे विरळा.

अशी कैद सामान्यतः बेटांवर आढळते. मादागास्कर बेटावरील एका पांढऱ्या आमरीची कथा पुष्कळांस ठाऊक असेल. तिच्या फुलाची मधाची नळी सुमारे फूटभर लांब. ती पाहून डार्विनने १८६२ साली असे भाकीत केले की, तेवढ्याच लांब सोंडेचा एखादा पतंग त्या बेटावर असलाच पाहिजे. तो पतंग १९०३ साली शास्त्रात नोंदला गेला, तेव्हा भाकीत करणारा हयात नव्हता. बेटावर वनस्पती आणि कीटक एकमेकांशिवाय दुसरे कोणी नसल्यासारखे वाढतात, आणि म्हणून जगावेगळे होतात. आता सह्याद्रीस चहूकडून पाणी नाही हे खरे; परंतु जिला ओल्या हवेवाचून जगता येत नाही अशा वनस्पतीच्या दृष्टीने पाहिले तर चित्र बदलते. पश्चिमेस खारा समुद्र आणि पूर्वेस आमचा कोरडा देश, या दोहोंच्या मध्ये पावसाने भिजलेली ही उंच चिंचोळी पट्टी म्हणजे एक लांबलचक बेटच होय. देवणीच्या माळावरील उन्हात झाडावर मुळ्या उघड्या टाकून बसणारी नाजूक आमरी एक वैशाखही काढणार नाही. जो भूभाग आम्हांस धनधान्य देतो तोच तिच्या लेखी ओलांडता न येणारा समुद्र आहे.

कोणी म्हणेल की, आमरीचे बी धुळीसारखे सूक्ष्म असते, वारा ते कोठेही नेऊ शकेल. हे खरे आहे. एका बोंडात अशा बियांची संख्या हजारांनी मोजावी लागते. परंतु निसर्गाने बी हलके करताना त्यातील शिदोरीच काढून घेतली आहे. ज्वारीच्या दाण्यात कोंबापुरते अन्न साठविलेले असते. आमरीच्या बियांत तसे काही नसते. १८९९ साली नोएल बेर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने दाखवून दिले की, योग्य प्रकारची बुरशी त्या बियांत शिरून तिला पोसू लागली तरच तिला कोंब फुटतो. म्हणजे ओल हवी, आधाराचे झाड हवे, बुरशी हवी, आणि पुढे फूल आले की परागकण नेणारा नेमका कीटकही हवा. वाऱ्यावर स्वार होऊन बी दूर जाईल, पण हा सगळा गोतावळा तिच्याबरोबर जाणार नाही. म्हणून ती जेथे जन्मली तेथेच राहते, आणि तेथील रान गेले तर तिला दुसरे घर नाही.

मग अशा या केवळ आपल्या डोंगरातील वनस्पतीस आपल्या भाषेत सर्वांस ठाऊक असलेले नाव का नसावे? याचे उत्तर शोधावयास संस्कृत ग्रंथांपर्यंत मागे जावे लागते. आमरी आमच्या पूर्वजांनी पाहिल्या नव्हत्या असे नाही. आयुर्वेदाच्या अष्टवर्गातील जीवक, ऋषभक, ऋद्धी आणि वृद्धी या हिमालयातील आमरीच होत असे आज मानले जाते. अमरकोशात झाडावर वाढणाऱ्या वनस्पतीस वन्दा म्हटले आहे, आणि तिच्याच पर्यायांत वृक्षादनी आणि वृक्षरुहा हे दोन शब्द एकत्र बसविले आहेत. वृक्षादनी म्हणजे झाडास खाणारी. वृक्षरुहा म्हणजे झाडावर उगवलेली. या दोन शब्दांत शास्त्रदृष्ट्या महदंतर आहे. बांडगूळ झाडाच्या अंगात मुळ्या खुपसून त्याचा रस पिते; आमरी झाडावर केवळ बसते, आणि आपले पाणी पावसातून व हवेतून घेते. हा भेद कोशात मिटला आणि व्यवहारातही मिटलेला राहिला. आजही खेड्यात आमरीस सरसकट बांडगूळ म्हणणारे आढळतात. औषधास उपयोगी पडली तिला रास्ना, जीवंती अशी स्वतंत्र नावे मिळाली; उपयोगी पडली नाही ती बांडगुळात जमा झाली. देवणी बैलाचे तीन भेद करणारी दृष्टी येथे का मिटली, ते आता कळेल. आम्ही जे वापरले त्यास नाव दिले. जे नुसते पाहावयाचे होते त्यास दिले नाही.

तथापि, वन्दा या शब्दाचे दैव पुढे उघडले. सर विल्यम जोन्स यांनी बंगालमध्ये हा शब्द टिपला. त्यांच्या मृत्यूनंतर १७९५ साली ते लेखन प्रसिद्ध झाले. आणि १८२० साली रॉबर्ट ब्राऊन यांनी त्यावरून एका प्रजातीस व्हँडा हे नाव दिले. आज जगातील कोणत्याही देशाच्या काचगृहात गेले तरी त्या फुलांच्या पाटीवर अमरकोशातील हा शब्द आढळतो. आमचा शब्द जगभर गेला, पण तो नेला दुसऱ्याने, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

आमच्या किनाऱ्यावरील आमरींची पहिली मोठी चित्रमय नोंद ही सतराव्या शतकातील. कोचीनचा डच अधिकारी हेंड्रिक व्हान ऱ्हीड याने मलबारच्या वनस्पतींवर जो बारा खंडांचा लॅटिन ग्रंथ करविला, त्याचे प्रकाशन १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅम येथे झाले, आणि त्याच्या शेवटच्या खंडात झाडावरील आमरींची चित्रे आहेत. मराठी वाचकास या ग्रंथाविषयी विशेष आपुलकी वाटावी असे त्याच्या पहिल्या खंडात एक पान आहे. रंगभट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन कोंकणी ब्राह्मणांनी या कामी साह्य केल्याबद्दलचे आपले प्रमाणपत्र, कोंकणी भाषेत व नागरी लिपीत लिहून दिले. त्यावर १६७५ सालाची तारीख आहे. इट्टी अच्युदन या मल्याळी वैद्याचेही असेच पत्र आहे. हे तिघे ब्राह्मण गोव्याकडून कोचीनास गेलेल्या समाजातील. म्हणजे छत्रपती शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकास जेमतेम एक वर्ष झाले होते, त्या वेळी आमच्याच भाषाभगिनीत लिहिणारे तीन विद्वान वनस्पतींची नावे व गुण युरोपच्या एका मोठ्या ग्रंथास पुरवीत होते. ऱ्हीडने त्यांची नावे लपविली नाहीत, छापली. एवढे सौजन्य पुढच्या काळात फारसे दिसत नाही. परंतु पुस्तक ऱ्हीडचे झाले, आणि १७५३ साली लिनीयसने त्यातील चित्रांवरून ज्या जातींस शास्त्रीय नावे दिली त्यांत या तिघांपैकी कोणाचेही नाव आले नाही.

लिनीयसच्या त्याच ग्रंथात एका आमरीस मात्र एका स्त्रीचे नाव मिळाले आहे. पूर्वेकडील अंबोन बेटावर राहणारा रुम्फियस नावाचा वनस्पतिज्ञ १६७० साली आंधळा झाला, आणि १६७४ च्या भूकंपात त्याची पत्नी सुझाना मरण पावली. तिने त्याला दाखविलेल्या एका शुभ्र आमरीस त्याने सुझानाचे फूल म्हटले होते. लिनीयसने ते नाव कायम ठेवले. शास्त्रीय नावे रूक्ष असतात असे म्हणणारांनी ही हकीकत लक्षात ठेवावी. नाव म्हणजे खूण तर खरीच, पण ती एखाद्याच्या घरातील दुःखाचीही खूण असू शकते.

आता आपल्या इलाख्याकडे येऊ. इंग्रजी राज्य स्थिरावल्यावर गव्हर्नर माल्कम यांच्या काळात, १८२८ साली, पुण्याजवळ दापोडी येथे एक सरकारी वनस्पतिबाग निघाली. पोस्ट खात्यातील अधिकारी जॉन ग्रॅहॅम यांनी मुंबईकडील वनस्पतींची पहिली छापील यादी तयार केली. ती १८३९ साली बाहेर पडली, पण तिची छपाई पुरी होण्यापूर्वीच ग्रॅहॅम खंडाळ्यास वारले, आणि निम्मो नावाच्या स्नेह्याने ती पुरी केली. दापोडीच्या बागेवर त्या वेळी डॉक्टर अलेक्झांडर गिब्सन होते. १८४७ मध्ये ते मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. त्यांच्यामागून त्या पदावर आलेले निकोल डाल्झेल हे आमच्या कथेतील मुख्य पुरुष. एडिंबरो येथे १८१७ साली जन्मलेले हे गृहस्थ येथे आले ते वनस्पतिशास्त्राच्या नव्हे, तर जकात खात्याच्या नोकरीत. मिठाच्या व अफूच्या हिशेबातून सवड काढून ते दक्षिण कोकणात व घाटात हिंडत, नमुने वाळवीत, आणि त्यांची वर्णने लंडनास हूकर यांच्या नियतकालिकाकडे पाठवीत. १८५१ साली त्या नियतकालिकात त्यांनी दोन लहानशा आमरींचे वर्णन दिले आणि त्यांस मायक्रोपेरा व्हिरिडिफ्लोरा व मायक्रोपेरा मॅक्युलाटा अशी नावे ठेवली. पहिल्या विशेषणाचा अर्थ हिरव्या फुलांची, दुसऱ्याचा ठिपक्यांची. पुढे १८६१ मध्ये डाल्झेल व गिब्सन यांनी मिळून मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ भायखळ्याच्या एज्युकेशन सोसायटीच्या छापखान्यात छापला.

ही मंडळी परदेशी सत्तेची नोकर होती हे खरे. परंतु त्यांची मेहनत खोटी नव्हती, आणि तिला नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. आमचे लक्ष वेधते ते त्यांच्या भोवतालच्या माणसांकडे. दापोडीस असताना गिब्सन यांनी १८४७ ते १८५० च्या सुमारास एका इंडो-पोर्तुगीज चित्रकाराकडून वनस्पतींची सुंदर रंगीत चित्रे काढविली. ती आज एडिंबरोच्या राजकीय वनस्पतिबागेत सुरक्षित आहेत, २००२ साली त्यांच्यावर हेन्री नोल्टी यांचा स्वतंत्र ग्रंथ निघाला. परंतु ज्या हाताने ती काढली त्याचे नाव कागदावर नाही. तीच गोष्ट गोळा करणारांची. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य असलेल्या थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा जो प्रमाणग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात प्रत्येक जातीखाली ती कोठून व कोणी आणली हे दिले आहे. तेथे साहेबांच्या आडनावांच्या रांगेत कानिटकर हे नाव येते, आणि भिवा असे एकेरी नावही येते. आडनाव नाही, हुद्दा नाही, नुसता भिवा. कोणत्या कड्यावर कोणते झुडूप फुलते हे ठाऊक असल्यावाचून ते नमुने कोणी आणले नसते, हे उघड आहे. त्याच्या पायांनी घाट तुडविला आणि त्याच्या वाट्याला ग्रंथातील दोन अक्षरे आली.

याला एक सुखद अपवाद आहे, तोही सांगितला पाहिजे. पुण्याच्या वनस्पतिसंग्रहाचे काम पाहणारे एन. बी. रानडे यांच्या नावावरून १८९४ साली वुड्रो व स्टाफ यांनी सह्याद्रीतील एका दुर्मिळ झुडुपास अब्युटिलॉन रानडेई हे नाव दिले. घंटेसारख्या फुलांमुळे त्यास मराठीत सोनघंटा म्हणतात. पुढे स्वतंत्र भारतात पुण्याचे प्राध्यापक महाबळे यांच्या नावावरून जुन्नरकडील एका कंदवर्गीय वनस्पतीस, पाचगणीच्या नावावरून एका आमरीस, अशी नावे मिळत गेली. दार बंद नव्हते. आत जाणारे थोडे होते.

डाल्झेलच्या दोन आमरींचे पुढे काय झाले, ते पाहू. शास्त्रात प्रजातीचे नाव आडनावासारखे, आणि जातीचे विशेषण पाळण्यातल्या नावासारखे असते. अधिक अभ्यासाने एखादी वनस्पती चुकीच्या घराण्यात बसविली आहे असे दिसले, तर तिचे आडनाव बदलते. मात्र, ज्याने तिचे पहिले वर्णन छापले त्याचे विशेषण शक्यतो तिच्याबरोबर नव्या घरी जाते, असा नियम आहे. या दोघी मायक्रोपेरात बसत नाहीत हे लवकरच ध्यानात आले, आणि त्यांचा वनवास सुरू झाला. कोणी त्यांस सॅकोलॅबियम म्हटले, कोणी सार्कोकायलस, कोणी गॅस्ट्रोकायलस. मुंबईच्या सेंट झेवियर महाविद्यालयातील स्पॅनिश जेझुइट प्राध्यापक सांतापाव यांनी हिरव्या फुलांच्या जातीस काही काळ डाल्झेलचेच नाव दिले होते. सांतापाव आणि कापडिया यांचा मुंबईकडील आमरींवरील ग्रंथ १९६६ साली प्रसिद्ध झाला, तेव्हाही या दोघी परक्या घरातच राहत होत्या. शंभराहून अधिक वर्षे, चारपाच घरे आणि एकही स्वतःचे नाही, अशी ही स्थिती.

हा वनवास संपविला तो बंगळूरच्या सेंट जोसेफ महाविद्यालयातील फादर सेसिल साल्डान्हा यांनी. कर्नाटकातील हासन जिल्ह्याच्या वनस्पतींची पाहणी करीत असता त्यांस पेंढ्याच्या रंगाच्या फुलांची एक नवी जाती आढळली. तिची डाल्झेलच्या दोघींशी तुलना करता या तिघी सख्ख्या बहिणी असून त्यांचे घराणे इतर सर्वांहून वेगळे आहे, असे त्यांनी ठरविले. आणि १९७४ साली स्मिथसोनिया ही नवी प्रजाती स्थापन केली. व्हिरिडिफ्लोरा व मॅक्युलाटा ही डाल्झेलची विशेषणे नियमाप्रमाणे पुन्हा आपल्या जागी आली. तिसरीस स्ट्रामिनिया म्हणजे पेंढ्याच्या रंगाची हे नाव मिळाले. हासनच्या पाहणीस वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेचे साह्य होते, आणि साल्डान्हा व निकोल्सन यांचा १९७६ सालचा ग्रंथही त्या संस्थेसाठीच प्रसिद्ध झाला. प्रजातीचे नाव ही त्या साह्याची कृतज्ञ पोच होती.

ज्या माणसावरून ती संस्था आणि संस्थेवरून ही आमरी ओळखली जाते, त्याचे चरित्रही नावाचीच एक कहाणी आहे. जेम्स स्मिथसन हा एका इंग्रज ड्यूकचा अनौरस पुत्र. पित्याचे आडनाव त्यास जन्मतः मिळाले नाही. मातेच्या मृत्यूनंतर, पस्तिशीच्या सुमारास, तो ते लावू लागला. १८२९ साली जेनोआ येथे तो वारला. आपल्या पुतण्यास संतती न झाल्यास सर्व संपत्ती अमेरिकेस जावी, आणि तिच्यातून ज्ञानवृद्धीसाठी आपल्या नावाची संस्था निघावी, असे त्याने मृत्युपत्रात लिहून ठेवले होते. पुतण्या निपुत्रिक वारला, एक लाखाहून अधिक सुवर्णनाणी अमेरिकेस गेली, आणि १८४६ साली संस्था स्थापन झाली. ज्या देशास त्याने धन दिले तो त्याने कधी पाहिला नव्हता. १९०४ साली त्याच्या अस्थीच तेवढ्या तेथे नेण्यात आल्या. हिंदुस्थानही त्याने पाहिला नव्हता. परंतु योगायोग असा की, मातेच्या मेसी या आडनावाने त्याने १७९१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे आणलेला पहिला निबंध हिंदुस्थानातून आलेल्या एका पदार्थावर होता. तो पदार्थ म्हणजे वंशलोचन, आपल्या आजीबाईच्या बटव्यातील बांबूचे वंशलोचन! एका वनस्पतीच्या पोटातील खड्याने त्याच्या विद्येचा आरंभ झाला, आणि दोन शतकांच्या आत दुसऱ्या एका भारतीय वनस्पतीस त्याचे नाव लागले. इतिहासाची ही वळणे कल्पनेने रचू गेले तर कोणी विश्वास ठेवणार नाही.

आता मुख्य प्रश्न. केवळ सह्याद्रीत राहणाऱ्या प्रजातीस सातासमुद्रापलीकडील नाव लागले याचा आम्ही खेद मानावा काय? आमचे उत्तर असे की, या नावाचा खेद मानण्याचे कारण नाही. ते एका भारतीय संशोधकाने, भारतात काम करून, आणि नियमाने दिले आहे. ज्याने मदत केली त्याचे स्मरण ठेवणे हा आपल्याही संस्कृतीत गुणच समजला जातो. खेद करावयाचाच असेल तर तो या नावाशेजारच्या रिकाम्या जागेचा करावा. शास्त्रीय नाव हे शास्त्राचे झाले. पण आंबा, पळस, पारिजातक यांसही शास्त्रीय नावे आहेत, आणि आपले त्यांच्यावाचून काहीच अडत नाही, कारण आपली नावे आपल्या ओठांवर आहेत. स्मिथसोनियाच्या शेजारी असे कोणते मराठी नाव उभे आहे? रंगभटापासून भिवापर्यंत आमची माणसे त्या रानात होती. त्यांनी पाहिले, आणले, सांगितले, रंगविले. परंतु लिहून ठेवण्याची, छापून जतन करण्याची जी शेवटची पायरी, तिच्यावर आम्ही सुशिक्षित म्हणविणारे फार उशिरा चढलो.

आमच्या मराठवाड्याची गोष्ट तर याहूनही बोलकी आहे. कुकचा ग्रंथ मुंबई इलाख्याचा. आमचा मुलूख निजामाच्या राज्यात. इलाख्याची सीमा जेथे संपली तेथे ग्रंथातील वनस्पतीही संपल्या, जणू झाडांनी सरहद्दीवर नाकेदारास विचारूनच पलीकडे उगवावयाचे होते. निजामाच्या राज्यातील रानांविषयी पार्ट्रिज यांचा १९११ सालचा ग्रंथ निघाला खरा, पण तो संस्थानभरच्या जंगलांचा. १९४८ साली हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ साली मराठवाडा मराठी मुलखास जोडला गेला. त्यानंतर औरंगाबादचे प्राध्यापक वि. ना. नाईक यांनी १९७९ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्याचा, आणि १९९८ मध्ये सबंध मराठवाड्याचा वनस्पतिग्रंथ सिद्ध केला. आमचा लातूर जिल्हा १९८२ पर्यंत त्या उस्मानाबादेतच होता, म्हणून पहिल्याच ग्रंथात आमच्या बांधावरील गवतासही शास्त्रात जागा मिळाली. राजकीय सीमा बदलल्या, विद्यापीठ निघाले, एक माणूस चिकाटीने हिंडला, तेव्हा कोठे हे घडले.

यावर कोणी व्यवहारी वाचक म्हणेल की, नावाने काय होते? वनस्पती वाचावयाची ती कायद्याने वाचेल. कायदे आहेत, आणि ते असावेतही. १९७५ पासून अंमलात असलेल्या आंतरराष्ट्रीय करारान्वये सर्व आमरींच्या परदेशी व्यापारावर निर्बंध आहेत. पश्चिम घाटाच्या निवडक भागांस २०१२ साली जागतिक वारशाचा मान मिळाला आहे. परंतु कायदा रक्षण करतो ते माहीत असलेल्या वस्तूचे. रस्ता रुंद करताना जे जुने झाड पडते, त्याच्या फांदीवर स्मिथसोनिया होती की बांडगूळ, हे तेथे उभ्या असलेल्या माणसास ओळखता आले नाही, तर कायद्याचे पुस्तक कपाटातच राहते. याउलट आसामकडे पाहावे. शेपटासारखा फुलोरा असलेली एक आमरी तेथे कोपौ फूल म्हणून प्रसिद्ध आहे. बिहूच्या सणात तेथील मुली ती केसांत माळतात, आणि तिला राज्यपुष्पाचा मान आहे. तीच आमरी आपल्या सह्याद्रीतही फुलते, आणि सुदैवाने तिला येथे सीतेची वेणी असे गोड नाव आहे. ज्या वनस्पतीस नाव आहे तिच्याकडे मान वर करून पाहणारा कोणीतरी भेटतो. जिला नाव नाही ती नाहीशी झाली तरी गावात कोणी विचारत नाही, कारण काय गेले हे सांगावयास शब्दच नसतो.

म्हणून या तिन्ही बहिणींस मराठी नावे मिळावीत असे आम्हांस वाटते. लॅटिन विशेषणांचे भाषांतर करून हिरवी, ठिपक्यांची आणि पेंढ्याची आमरी अशी नावे एका बैठकीत करता येतील. परंतु समितीने केलेली नावे बहुधा समितीतच राहतात. वानेरा, बालंक्या, शेवरा ही नावे कोणत्याही मंडळाने ठरविली नव्हती. ती रोज जनावरांत वावरणारांच्या तोंडून आली आणि म्हणून टिकली. तेव्हा खरा मार्ग असा की, घाटातील शाळांच्या मुलांस आणि त्यांच्या शिक्षकांस ही फुले दाखवावीत, तेथील धनगर, कातकरी व इतर रानकरी मंडळी त्यांस काय म्हणतात ते आधी विचारावे, आणि मिळालेले नाव, सांगणाऱ्याच्या पूर्ण नावानिशी, लिहून छापावे. भिवाच्या वाट्याला जी दोन अक्षरे आली त्यांत एवढी भर घालणे आपल्या हाती आहे. डाल्झेलने जकातीच्या कचेरीतून सवड काढली होती. आपल्यापैकी पुष्कळांस सुटीचे दिवस त्याहून अधिक मिळतात.